चिमूटभर धोतरा

उंद्री, ता. चिखली
१४ नोव्हेंबर १९६१

भाऊ,

तुमाले सुभद्राचा नमस्कार.

तुमी आले त्या दिवशी माह्या तोंडातून शब्द निघाला नाई. निघतानी तुमी म्हनलं, ‘जसं झालं तसं लिहून पाठव, केसले लागते.’ तुमी हट्टानं मले चौथीपर्यंत शिकवलं, ते शिकणं या कामी येऊन राह्यलं.

ह्याईचा दमा तुमाले ठाऊकच हाये. थंडी पडली का छातीत भाता सुरू. दर साली धोतऱ्याचे वाळले पानं चिलमीत घालून ओढत, जरा दम बसे, अन् सकाळी पुन्हा वांग्याच्या वाफ्यात उभे राहत. आमच्या गावात धोतरा कुठी नाई? बांधावर हाये, उकिरड्यावर हाये, महादेवाच्या देवळामागं तं रानच हाये. त्याचं भेव कोणाले कधी वाटलंच नाई. सासूबाई दर सोमवारी त्याचेच फुलं वाहतात.

औंदा पानानं दम बसे ना. चिखलीच्या बाजारात हे कांदे घेऊन गेले, तथी जडीबुटी इकणाऱ्या किसनरावच्या दुकानात बसले. किसनराव म्हणे, “उत्तमराव, पानानं होत नसन तं बी घ्या. बी जोरदार असते. चिमूटभर कुटून उकळा अन् घ्या.” पुडी बांधून देली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वावरात तीन दगडाईच्या चुलीवर ह्याईनं तो काढा केला. मी बांधावर गवत कापत होती. रुख्मी भाकर घेऊन आली होती. थोड्या वेळानं हे पाणी मागाले लागले. पाणी देलं, पुन्हा मागतलं. तोंड लालभडक झालं होतं, डोयाईत निस्तं काळंच दिसे. हवेतून दोरा ओढल्यासारखे बोटं हालवत. मंग आपल्या मेलेल्या बापाशी बोलाले लागले, बैल कुठी बांधले म्हणून पुसाले लागले. मी रुख्मीले म्हनलं, “तू बाबाच्या जवळ जाऊ नको, लिंबाखाली बस.” अन् शेजारच्या वावरात महादेवरावाईले बलावाले पळाली.

भाऊ, ती लिंबाखाली बसली नाई. वांगे तोडाचे राह्यले होते ना, ती वाफ्यात वाकून वांगे तोडत बसली.

आमी आलो तवा हे हातात पावडं घेऊन उभे होते. मले पाहून खुश झाले. म्हणे, “लांडगा मारला, सुभद्रे. पोरीले घरात घे.”

याच्या पुढचं मी लिव्हत नाई. महादेवराव होते, त्याईले पुसा.

हे मंग जे झोपले ते पोलीस आले तरी उठले नाई. बैलगाडीत घालून नेलं.

मले एकच पुसाचं हाये. उंदराले माराले सोमल घ्यायचा तं दुकानदार नाव पुसते, कशाले पाहिजे ते पुसते, सही घेते. गांजाच्या दुकानाले परवाना लागते. मंग धोतऱ्याच्या बियाले काऊन काहीच नाई? ह्याईले कोणी तरी सांगाले पाहिजे होतं का नाई?

सुभद्रा


बुलढाणा
२० नोव्हेंबर १९६१

प्रिय सुभद्रे,

तुझं पत्र वाचलं आणि टेबलावर उपडं ठेवून दिलं. वकिलीत असले जबाब नेहमी वाचतो, त्यांवर लाल पेन्सिलीनं खुणा करतो. या पत्रावर पेन्सिल ठेववेना.

काल तुरुंगात उत्तमरावांची भेट घेतली. त्यांना चुलीवरचं भांडं आठवतं, त्यापुढचं काहीच आठवत नाही. फौजदारानं त्यांना सांगितलं होतं, पण पोलीस कबुलीसाठी काहीही सांगतात असं समजून त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. मी दिसताच हात जोडून म्हणाले, “भाऊसाहेब, तुमी खोटं बोलनार नाई. रुख्मी घरी हाये न?”

मला खरं सांगावं लागलं. त्यांनी गज घट्ट धरले. मग विचारलं, “फाशी होईन काय? लवकर होईन काय?” मी म्हटलं, असलं काही मनात आणू नका. माणूस धक्क्यानं असं बोलतो.

सुभद्रे, आशा आहे. माणसाला त्याच्या नकळत गुंगी चढली असेल, आणि आपण काय करतो आहोत हे त्याला समजत नसेल, तर त्या कृत्याला कायदा गुन्हा म्हणत नाही. उत्तमरावांनी ते औषध म्हणून घेतलं, गुंगी येईल हे त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच मला कोर्टापुढे शाबीत करायचं आहे. महादेवरावांची साक्ष चांगली होईल. मी तुझा नवरा तुला परत आणून देईन. हा माझा शब्द समज.

धोतऱ्याबद्दल तू लिहिलंस ते चुकीचं नाही. पण सोमल कारखान्यातून येतो, गांजा ठरल्या जागी पिकतो. बांधावर आपोआप उगवणाऱ्या झाडाला परवाना कोण देणार आणि कोण तपासणार? तो विचार आत्ता नको. तू जेवतेस ना? अन्नपूर्णाबाईंना सांभाळ. त्यांनीही नात गमावली आणि मुलगा तुरुंगात आहे.

तुझा
इंद्रभान


उंद्री
१२ डिसेंबर १९६१

भाऊ,

मी चिखलीले जाऊन आली. किसनरावच्या दुकानात गेली होती. तुमी रागावान, पण गेली.

मले वाटलं होतं, जाऊन त्या माणसाच्या अंगावर थुकाव. पण तो माणूस मले पाहून गादीवरून उठला अन् रडाले लागला. म्हणे, “बाई, मी त्याईले चिमूटभरच सांगतलं होतं.”

मी म्हनलं, “कोणाची चिमूट?”

त्याईले समजलं नाई. मंग त्याईनं आपल्या हाताकडं पाह्यलं. दुकानदाराचा हात तो, बारीक बोटं. ह्याईचा हात तुमी पाह्यला हाये. ह्याईनं चिमटीनं मेथीचं बी पेरलं का अर्धा वाफा होते. हे काय सांगाची गोष्ट नाई, भाऊ? सोन्याले गुंज लागते, तुपाले पावशेर लागते, अन् माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या वस्तूले निस्ती चिमूट?

आमी बोलून राह्यलो तेवढ्यात एक म्हातारा आला. त्याले गुडघ्याले लावाच्या तेलासाठी धोतऱ्याचंच बी पाहिजे होतं. किसनरावनं माह्याकडं पाह्यलं.

मी म्हनलं, “देऊ नका.”

ते म्हणे, “मी नाई देलं तं तो उकिरड्यावरचे बोंडं तोडून नेईन. त्याच्यापरीस मी चाळून, साफ करून देतो. दुसऱ्या दुकानात तं तेबी नाई. कायदा नाई, बाई. कायदा असता, तं म्या तुमच्या मालकाले बी देलं नसतं अन् आज मले झोप लागली असती.”

अन् पुडी बांधली. म्हाताऱ्याले मात्र त्याईनं दोनदा बजावलं, पोटात घेऊ नको म्हणून. माह्यासमोर बजावलं. मी नसती तं बजावलं असतं का नाई, कोणाले ठाऊक.

मी रस्त्यानं इचार करत आली. झाड कोणी बंद करा असं मी म्हणत नाई. सासूबाईच्या फुलाले कोण अडवते? ज्याले दमा हाये तो पान ओढन, ओढो. पण दुकानातून पुडीत बांधून इकाचं असन, तं इकणाऱ्यानं काही तरी बंधन पाळावं. मोजून द्यावं. हे कशानं होते, काय होते, हे सांगावं. न सांगतलं तं सरकारनं त्याले पुसावं. एवढं कठीण हाये काय हे?

तुमी किसनरावाले कोर्टात उभं करा. त्याले शिक्षा नको. जजसाहेबाईनं निकालात एवढं लिव्हाव, का हे बी असं उघडं इकू नाई. जजसाहेबाईनं लिव्हलं म्हणजे सरकारले करावंच लागन. मंग माही पोरगी वाया गेली नाई असं मी म्हणू शकीन.

सुभद्रा


बुलढाणा
८ जानेवारी १९६२

प्रिय सुभद्रे,

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं.

किसनरावांना मी साक्षीला बोलावणार आहे, पण तुला हवं तसं नाही. ते माझे साक्षीदार असतील. त्यांच्याकडून मला वदवून घ्यायचं आहे की हे बी शेकडो लोक नेतात, कधी कोणाला काही झालं नाही, ही साधी औषधी वस्तू आहे. मी उलट बाजूनं बोललो, धोतरा म्हणजे भयंकर विष, ते असं विकायला नको होतं, तर सरकारी वकील लगेच उठून विचारतील, ‘एवढं भयंकर विष, आणि जन्मभर शेतात राबणाऱ्या माणसाला ते ठाऊक नव्हतं?’ ठाऊक असून घेतलं असं ठरलं की सुटका संपली. तू म्हणतेस ते आणि उत्तमरावांची सुटका, या दोन गोष्टी एका तोंडानं मागता येत नाहीत.

आणि खरं सांगू? कायद्यानं हे थांबेल यावर माझा फारसा भरवसा नाही. दारूबंदी आहे, आणि माझ्याकडे निम्मे खटले दारूचे येतात. उद्या धोतऱ्याला नियम लावला तर किसनरावासारखा दुकानदार फौजदाराला चहा पाजून मोकळा होईल, आणि शिपाई पकडतील ते देवळाच्या पायरीवर फुलं घेऊन बसलेल्या एखाद्या म्हातारीला. ज्या गावात डॉक्टर नाही तिथल्या दमेकऱ्यानं जायचं कुठे? तुमच्या उंद्रीत तरी कुठे आहे?

तरी तुला शब्द देतो. आधी सुटका होऊ दे, मग मी स्वतः अर्ज लिहून देईन, वर मुंबईपर्यंत पाठवू.

एक गोष्ट. मी गेलो की उत्तमराव दर वेळी विचारतात, “सुभद्रेनं काही लिव्हलं काय?” मी दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. दोन ओळी लिही. नवऱ्याला पत्र लिहायला लाजतेस की काय? तुझ्या दोन ओळींनी त्यांना जगायची उमेद येईल.

तुझा
इंद्रभान


उंद्री
२ मार्च १९६२

भाऊ,

पत्र भेटलं.

मी धोतरा उपटून राह्यली. आधी आपल्या बांधावरचा, मंग गल्लीतला, मंग देवळामागचा. हाताले वास लागते, तो धुवून जात नाई. बाया म्हणतात, सुभद्रा येडी झाली. महादेवराव म्हणे, “वहिनी, पाणी पडलं का पुन्हा उगवन.” मी म्हनलं, पुन्हा उपटीन. सरकारनं बंधन घातलं असतं तं मले हातात खुरपं घ्याची पाळी आली नसती.

परवा शिवरात्र हाये. सासूबाईले फूल भेटलं नाई. म्हणे, “महादेवाचं झाड उपटते, पाप लागन.”

मी म्हनलं, “आता आजून काय लागाचं राह्यलं?”

मंग आमी दोघी रडलो.

ह्याईले काय लिव्हाव ते मले सुचत नाई.

सुभद्रा


बुलढाणा
१९ जून १९६२

प्रिय सुभद्रे,

निर्दोष! तार केलीच आहे, पण तारेत मन मावत नाही.

सरकारी वकिलांनी जोर लावला होता. महादेवराव मात्र खंबीर उभे राहिले. “लांडगा मारला, पोरीले घरात घे” हे शब्द त्यांनी कोर्टात सांगितले तेव्हा जजसाहेबांनी चष्मा काढून पुसला. किसनरावांनी हवं तसंच सांगितलं. मग मी उठलो. म्हटलं, महाराज, हे झाड या जिल्ह्यात देवाला वाहतात, दम्यावर ओढतात, सांध्यांना चोळतात. ते बाळगायला बंदी नाही, विकायला बंदी नाही, घ्यायला बंदी नाही. ज्या वस्तूकडे खुद्द सरकार निरुपद्रवी म्हणून पाहतं, तिच्यात संकट दडलं आहे हे एका गरीब माळ्यानं कुठून ओळखावं?

जजसाहेबांनी हे जवळजवळ माझ्याच शब्दांत निकालात घेतलं. त्यांनी लिहिलं आहे की धोतरा ही सर्वत्र आढळणारी, औषधात व पूजेत रूढ असलेली वनस्पती आहे. तिचं बी विकण्यात वा घेण्यात काही गैर नाही. आणि आरोपीला धोक्याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. उत्तमराव सुटले. बाररूममध्ये लोकांनी हात मिळवले. अकोल्याच्या एका वकिलानं निकालाची नक्कल मागितली आहे.

त्यांना दोन दिवस माझ्याकडे ठेवून घेतो, दाढी वगैरे करून देतो. शनिवारच्या मोटारीनं घरी पाठवतो. दारात उभी राहा. झालं गेलं विसरणं कठीण आहे, हे मला कळतं. पण आता तू एकटी नाहीस.

तुझा
इंद्रभान


उंद्री
२७ ऑगस्ट १९६२

भाऊ,

तुमी लिव्हलं, घरी पाठवतो. कोणाच्या घरी?

हे आले तवा मी दारात नव्हती, चुलीपाशी होती. सासूबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, लेकाले कवटाळून रडल्या. हे उंबऱ्याच्या आत आले नाई. आतून मी काही म्हणते काय, याची वाट पाह्यली असन. मी काही म्हनलं नाई. मंग वावरात निंघून गेले. आता तथीच खोपीत राहतात. सासूबाई भाकर नेतात.

एक दिवस सासूबाईले ताप होता म्हणून मी भाकर नेली. हे खोपीबाहेर बसले होते. वांग्याच्या वाफ्याच्या जागी ह्याईनं काही लावलं नाई, गवत वाढू देलं हाये.

मी भाकर ठेवली. हे म्हणे, “सुभद्रे, एक पुसू? तिनं मले हाक मारली होती काय?”

मी म्हनलं, “मी तथी नव्हती.”

“महादेवराव सांगत नाई. तुह्या भावानं सांगतलं नाई. कोर्टात पुसलं नाई. तिनं ‘बाबा’ म्हनलं असन, अन् मले आयकू आलं नसन, तं...” ह्याईनं भाकर बाजूले सारली. मंग म्हणे, “तुह्या भावानं मेहनत लय केली. पण मले जज्जसाहेब म्हणे, जा, तुह्यावर काही नाई. काही नाई म्हणजे कसं? ती मेली न?”

मी उठून आली. मले ठाऊक हाये ह्याईचा दोष नाई. कोर्टानं सांगाच्या आधीपासून ठाऊक होतं. पण मी ह्याईच्या हाताकडं पाहू शकत नाई. याले तुमच्या पुस्तकात कोणतं कलम हाये? तुमी मले वारंवार लिव्हलं, तुह्या नवऱ्याले आणून देतो. मी कोणत्या पत्रात मागतला होता? मी दुसरं मागतलं होतं.

ते काय झालं ते आता आयका. तुमच्या अर्जाची वाट पाहून मी आपल्या हातानं लिव्हला अन् चिखलीच्या तहसील कचेरीत देला. गेल्या आठवड्यात साहेबाईनं बलावलं. माणूस चांगला होता, खुर्ची देली. म्हणे, “बाई, तुमचं दुःख मोठं आहे. पण तुमच्याच यजमानांच्या निकालात कोर्टानं म्हटलंय की हे बी विकण्यात गैर काही नाही. आता कोर्टाच्या वर जाऊन मी कसं लिहू? आणि तुमच्याच भावानं तर तसं मांडलं होतं.”

मी म्हनलं, “ते ह्याईले सोडवासाठी म्हनलं होतं.”

साहेब म्हणे, “कशासाठी म्हटलं ते निकालात येत नाही, बाई.”

येतानी बाजारातून आली. किसनरावच्या दुकानात कोणी गिऱ्हाईक पुसत होतं, बियाची भीती तं नाई न? त्याचा पुतण्या गादीवर होता. म्हणे, “कोर्टानं पास केलेली वस्तू हाये, बिनधोक घ्या.”

सुभद्रा


बुलढाणा
५ सप्टेंबर १९६२

प्रिय सुभद्रे,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, तो लपवत नाही. सात महिने मी दुसरी मोठी कामं बाजूला ठेवून हा खटला चालवला. उत्तमराव फासावर गेले असते तर तू मला क्षमा केली असतीस का? तू एकदा तरी लिहायचं होतंस, की तुला ते परत नको आहेत. लिहिलं असतंस तरी मी दुसरं काय केलं असतं, कोण जाणे. निर्दोष माणसाला आत ठेवण्यासाठी मी कोट घालत नाही.

काल निकाल काढून पुन्हा वाचला. साहेब म्हणाले ते खरं आहे. त्यात तुझं म्हणणं कुठे शिरेल अशी फट नाही. मीच ती नीट बुजवली आहे. मुंबईला ओळखीच्या एका आमदारांना मी जुलैतच लिहून पाहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं की चीनच्या सरहद्दीच्या बातम्या येत असताना सभागृहात धोतऱ्याचा प्रश्न काढला तर लोक हसतील.

तू इथे ये. काही दिवस राहा. बायको तुझी वाट पाहते. उत्तमरावांना तिथे एकटं सोडायचं नसेल तर दोघं या. त्यांची छाती डॉक्टरांना दाखवू. थंडी यायच्या आत या, एवढं ऐक.

तुझा
इंद्रभान


उंद्री
१७ जानेवारी १९६३

भाऊ,

तुमी तेराव्याले आले, तवा तुमाले वाटलं मी बोलत नाई म्हणजे रागावली हाये. तसं नाई. मले जे सांगाचं होतं ते माणसाईत सांगता येत नव्हतं.

थंडी पडल्यापासून ह्याईची छाती भरत होती. ह्याईनं कशाचंच औषध घेतलं नाई. महादेवरावाईनं चिलीम भरून नेली तं ह्याईनं फेकून देली. तुमचं पत्र मी वाचून दाखवलं, बुलढाण्याले डॉक्टरकडं जाऊ म्हनलं. हे म्हणे, “जाऊ, हरभरा निंघू दे.”

त्या सकाळी सासूबाई धावत आल्या. मी वावरात गेली. हे खोपीत दोन्ही हात जमिनीवर टेकून बसले होते. ओठं निळे झाले होते. आंगात श्वासच जात नव्हता. महादेवराव म्हणे, “वहिनी, पान आणा, जरा धूर देऊ, तेवढ्यानं दम बसन. मंग गाडी जुंपतो.”

पान कुठून आणू, भाऊ? बांधावर नव्हतं. उकिरड्यावर नव्हतं. देवळामागं नव्हतं. सारं पावसाळाभर मी एकेक रोप हुडकून उपटलं होतं. ज्या गावात धोतरा कुठी नाई असं पुसाव लागे, त्या गावात त्या दिवशी एक पान नव्हतं.

मी शिवेपलीकडच्या नाल्यावर गेली. तथी एक झुडूप भेटलं. पानं तोडले, पदरात घेतले अन् परत निंघाली. सारे म्हणतात, बाईनं धाव घेतली, पण देवाच्या मनात नव्हतं. मी धावली का चालली, हे मले आठवत नाई. मी आठवून आठवून पाह्यलं. ह्याईले जसं त्या दुपारचं आठवत नव्हतं, तसं मले ते येणं आठवत नाई. मी शुद्धीत होती. काही खाल्लं-प्यालं नव्हतं. तरी आठवत नाई.

पोचली तवा जीव होता. महादेवरावाईनं पानं निखाऱ्यावर टाकले, धूर धरला. ह्याईनं डोये उघडले, माह्याकडं पाह्यलं, अन् धुरापासून तोंड फिरवून भिंतीकडं केलं. तसेच गेले.

माहा झाडावरचा राग त्या दिवशी गेला. झाड काही करत नाई, ते उभं राहते. कोण देते, किती देते, काय सांगून देते, एवढंच पाहाचं होतं. ते कोणी पाह्यलं नाई, म्हणून मी दुसऱ्या टोकाले गेली अन् सारंच मुळासकट काढलं. तुमी म्हनलं होतं, डॉक्टर नाई तथचा दमेकरी कुठी जाईन. ते मी तवा नीट वाचलं नव्हतं.

आता हे पत्र काऊन लिव्हलं ते सांगते.

काल बीबी गावाहून एक बाई आली. तथून अथी म्हणजे दिवसभराचा रस्ता. झुंबरबाई नाव तिचं. तिच्या एकुलत्या पोरानं गुडघ्याच्या दुखण्यावर बी उकळून पेलं, बाजारातून इकत आणलेलं, अन् दुपारच्याले आपल्या बायकोले विहिरीत ढकललं. सून गेली. पोरगा जेलात हाये, त्याले काही आठवत नाई. कोणी तरी तिले सांगतलं, बुलढाण्यात एक वकील हाये, तो असे माणसं सोडवते, त्याची बहीण उंद्रीले राहते. म्हणून पत्ता पुसाले आली.

मी तिले जेवू घातलं. तिनं दोन घास खाल्ले. म्हणे, “बाई, तुमचा मालक सुटून आला तवा तुमाले किती बरं वाटलं असन.”

मी हो म्हनलं. तिच्या तोंडाकडं पाहून दुसरं म्हणता आलं नाई. ह्याईचं काय झालं ते तिनं पुसलं नाई, मीबी सांगतलं नाई. माह्या कपाळाकडं तिचं ध्यान गेलं नाई, तिचं ध्यानच कशात नव्हतं.

मी तुमचा पत्ता देला. सोमवारी ती तुमच्याकडं येईन. तिच्या पोराले सोडवाचं तं तुमाले कोर्टात पुन्हा तेच बोलाव लागन, तेच शब्द, अन् जजसाहेब पुन्हा तेच लिव्हतील. बोला, भाऊ. मी काही म्हणणार नाई.

सुभद्रा